सुनेच्या मुंग्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. पुढची शाळा नदीपलीकडच्या गावात होती आणि पोरीची जात, नदी कशी ओलांडणार, असं वडील म्हणाले. ती नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असायची. पण वडिलांनी एकदा नदी म्हटलं की तिला पूर आलेलाच असायचा.

तरीही संगणकशास्त्रातल्या एका पीएच.डी.च्या प्रबंधात मी आहे. नावानं नाही. त्यातल्या एका मोठ्या तक्त्यात ‘मानवी पद्धत’ अशी एक ओळ आहे, ती ओळ म्हणजे मी. त्या तक्त्यात मी शेवटून दुसरी आले. माझ्या खाली फक्त चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी आहे. म्हणजे डोळे मिटून केलेल्या कामापेक्षा माझं काम बरं असतं, एवढं विद्यापीठानं शिक्का मारून मान्य केलेलं आहे. आमच्या घरात एवढंही कोणी मान्य केलं नव्हतं.

हे कसं झालं ते सांगते.

भूकंपात आमचं गाव पडलं. आमच्या घरातलं माणूस कोणी गेलं नाही. सासूसुद्धा वाचली. माझे मालक लातूरला एका डाळमिलमध्ये दिवाणजी होते, म्हणून काही वर्षांनी आम्ही गाव सोडून तिकडेच राहायला गेलो. तोवर लातूरला वेगळंच वारं सुटलं होतं. भूकंपाआधी ज्या गावाचं नाव पुण्याच्या माणसाला नकाशात शोधावं लागायचं, तिथे आता जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं डॉक्टर व्हायला येत होती. डॉक्टर व्हायच्या आधी त्यांना जेवायला लागत होतं आणि झोपायला लागत होतं. मालक गेल्यावर मी आधी मुलींची खाणावळ काढली, मग वर खोल्या चढवल्या आणि हॉस्टेल केलं. क्लासवाले त्यांना हुशार करायचे, मी त्यांना वरण-भात घालायचे. होर्डिंगवर फोटो क्लासवाल्यांचे लागायचे.

हॉस्टेलात सगळ्यात वाईट महिना जून. नव्या मुली येतात आणि कोणाला कोणत्या खोलीत घालायचं ते ठरवावं लागतं. खोलीत चार खाटा. एक मोठ्यानं पाठ करणारी, एकीला दिवा लागतो, एकीला दिव्यानं झोप येत नाही. एक पहाटेचा गजर लावते, बाकी तिघींना उठवते आणि स्वतः झोपून राहते. एकीची आई निघताना पदर डोळ्याला लावून सांगते, “आमची लई साधी हाय हो, सांभाळा.” तीच सगळ्यात आधी भांडते. मी आपलं तोंड बघून वाटणी करायचे आणि दिवाळीपर्यंत भांडणं सोडवत बसायचे.

माझी सून नांदेडला एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवायची. मुलगा तिथेच शेती खात्यात. तिची नोकरी तात्पुरती, दरवर्षी नव्यानं ऑर्डर. कॉलेजात एक कायमची जागा निघणार होती आणि तिच्यासाठी पीएच.डी. पाहिजे होती. तिच्या विभागातला आणखी एक जण त्याच जागेवर डोळा ठेवून होता, त्याचाही प्रबंध संपत आलेला. त्यामुळे सूनबाई लग्नानंतर जेवढी माझ्याशी बोलली नसेल तेवढी मुंग्यांशी बोलत होती. मुंग्यांचं पुढे येतं.

एका जूनमध्ये ती लातूरला आली आणि मला म्हणाली, “आत्याबाई, तुमच्या मुलींच्या खोल्या मला द्या.”

“कामून? राहायला येतीस?”

“नाही हो. कोणाला कोणाबरोबर ठेवायचं, हा प्रश्न द्या मला. माझ्या प्रबंधासाठी असलेच प्रश्न लागतात.”

“ह्यो प्रश्न न्हाई, बाई. ही कटकट हाय. लागंल तेवढी घेऊन जा.”

मग तिनं मला समजावलं. समजावण्याचा तिला आजार आहे. ती म्हणाली, एवढ्या मुली एवढ्या खोल्यांत किती तऱ्हेनं बसवता येतील ते मोजायला गेलं तर आकडा कागदावर मावणार नाही. प्रत्येक तऱ्हा तपासून सगळ्यात चांगली शोधायची म्हटली तर जगातलं कुठलंही मशीन ते काम मुलींची नातवंडं डॉक्टर होईपर्यंत संपवू शकणार नाही. म्हणून सगळ्या तऱ्हा न बघता, त्यातल्या त्यात चांगली लवकर शोधून देणाऱ्या युक्त्या असतात. त्यांना कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

“खरी मिळत न्हाई म्हणून?” मी विचारलं.

ती हसली नाही. तिनं मुलींना एकेकीला बोलावून झोपायच्या वेळा, दिवा, पाठांतर, कांदा-लसूण, सगळं विचारलं. कोणत्या दोघींना एकत्र ठेवलं तर किती भांडण होईल याचे आकडे मांडले. एखादी वाटणी दिली की मशीन त्या सगळ्यांची बेरीज करायचं. त्या बेरजेला मी भांडणाचा आकडा म्हणायचे. जेवढा कमी, तेवढं हॉस्टेल शांत. मग ती म्हणाली, “तुमची यंदाची वाटणी सांगा, ती पण घालू.” मी सांगितली. मला वाटलं होतं, आता मशीन तोंडात बोट घालील.

माझा आकडा बघून तिनं चष्मा काढून पुसला.

“काढून टाक मला त्यातनं,” मी म्हणाले.

“आलेला आकडा काढता येत नाही, आत्याबाई.”

“कोन बघतंय?”

“मी बघितला ना.”

असं मी तक्त्यात राहिले.

आता मुंग्या. तिची स्वतःची जी युक्ती होती, जिच्यावर पीएच.डी. मिळायची होती, ती मुंग्यांची होती. मुंगी चालताना वाटेवर वास सोडते, मागची त्या वासानं जाते, आणि चांगल्या वाटेवर वास दाट होतो. तसं मशीनमध्ये खोट्या मुंग्या सोडायच्या. प्रत्येक मुंगी एकेक वाटणी करणार, चांगल्या वाटणीवर वास राहणार, पुढच्या मुंग्या त्या वासानं आणखी चांगली करणार. यात तिनं स्वतःची काहीतरी भर घातली होती, ती मला कळली नाही आणि तिच्या प्रबंधाच्या गाईड सरांना कळली होती की नाही याची मला शंका आहे. पण सर तिच्या मुंग्यांवर खूश होते. परदेशातल्या मासिकात छापून येण्यासारखं आहे म्हणायचे.

नुसत्या मुंग्या चांगल्या असून भागत नाही. त्या दुसऱ्या कोणापेक्षा चांगल्या आहेत हे दाखवावं लागतं. म्हणून तिनं समोर एक साधी युक्ती उभी केली. कुठल्या तरी दोन मुलींची अदलाबदल करायची. भांडणाचा आकडा कमी झाला तर राहू द्यायचं, नाही तर परत जागेवर. पुन्हा दुसऱ्या दोघी. बस्स.

हे मात्र मला तिनं समजावायच्या आधीच समजलं, कारण हे मी बघितलेलं होतं. भूकंपानंतर सरकारनं आमचं गाव नव्या जागी वसवलं. सरळ रेघा, सारखी घरं. संध्याकाळी रानातून आलेला माणूस दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसायचा. जमिनीच्या मानानं लहान-मोठं घर दिलं आणि एका मापाची घरं एका रांगेत. त्यामुळे ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत होती ते गावाच्या दोन टोकांना गेले, आणि ज्यांच्या जमिनी सारख्या, बांध एक आणि बांधावरून दावा चालू, ते शेजारी आले. साहेब लोक फोटो काढून गेले. मग लोकांनी गुपचूप अदलाबदल सुरू केली. तुझं मला, माझं तुला. दोघांचं भलं असलं की संसार उचलून निघाले. निम्मं गाव असं हळूहळू जागेवर आलं आणि मग थांबलं. आम्हाला देवळाजवळचं घर पाहिजे होतं, देवळाजवळच्याला हातपंपाजवळचं, आणि हातपंपाजवळच्याला आमचं. कुठल्याही दोघांत जमत नव्हतं. तिघांनी एकदम उठायला पाहिजे होतं, आणि तिघं एकदम उठायचे तर तिघं एकमेकांशी बोलत असायला पाहिजेत.

मी हे सुनेला सांगितलं. मला वाटलं, घे, तुझ्या प्रबंधाला माझ्याकडून भर.

“हे पुस्तकात आहे, आत्याबाई,” ती म्हणाली.

“आमचं गाव पुस्तकात हाय?”

“गाव नाही. अडकणं. अदलाबदल अशी अडकतेच.”

“मग पुस्तकात उपाय काय सांगितलाय?”

“सगळं विस्कटून टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.”

“म्हंजी भूकंप.”

यावर मात्र ती खो खो हसली. लग्नानंतर तिला माझं बोलणं पहिल्यांदा आवडलं आणि ते नेमकं भूकंपावरचं होतं.

शर्यत लावायची तर दोघांना सारखी वेळ, सारखं मशीन पाहिजे. तिनं एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले दोन लॅपटॉप मिळवले. अडचण लाईटची. त्या वर्षांत नांदेडला आणि लातूरला लोडशेडिंगच्या वेळा वेगळ्या होत्या आणि दोन्ही ठिकाणी भरपूर होत्या. एका गावात दोन्ही ठेवले तर लाईट गेली की दोन्ही एकदम बंद पडतील, असा हिशेब करून तिनं एक लॅपटॉप नांदेडला ठेवला आणि एक माझ्याकडे. मुंग्या लाडक्या, त्यांच्याकडे सारखं बघावं लागायचं, म्हणून त्या तिच्याजवळ. अदलाबदलीला कोणी बघायची गरज नव्हती, म्हणून ती सासूजवळ.

माझ्याकडे तो लॅपटॉप स्वयंपाकघरामागच्या कोठीत फळीवर होता. तिथे इन्व्हर्टरचा बोर्ड होता. पण तिथे पीठ उडतं, आणि डाळमिलची धूळ लातुरात कोणाच्या घरात नाही? आमच्याकडे टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या दांडीलासुद्धा कव्हर. सुनेनं इकडेतिकडे बघितलं आणि कपाटातून तिच्या रुखवतातलं टीव्हीचं कव्हर काढलं. तिच्या आईनं शिवलेलं. गुलाबी साटीन, आत कापूस भरून टीप मारलेली, वर जरीचे दोन पोपट. आमचा टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला तेव्हापासून ते बेकार होतं. तिनं ते स्वतःच्या हातानं लॅपटॉपवर चढवलं आणि चारी बाजूंनी खोचलं.

माझं काम एवढंच होतं. संध्याकाळी तिचा फोन आला की पोपटांचं कव्हर नवरीच्या पदरासारखं वर करायचं, आकडा वाचायचा, खाली सोडायचं. एकदा आलेल्या आकड्यावर तिचा विश्वास नसायचा. म्हणायची, नशिबानं एखादा चांगला येतो, म्हणून पुन्हा पुन्हा चालवून बघायचं. क्लासवाल्यांना हे सांगायला पाहिजे, मी म्हणायचे. त्यांच्याकडे एक पोरगी चांगली निघाली की दहा वर्षं तिचंच होर्डिंग.

मुंग्या जिंकल्या. आमच्या हॉस्टेलवर जिंकल्या आणि तिनं जगभरातून गोळा केलेल्या बाकीच्या प्रश्नांवरही बहुतेक ठिकाणी जिंकल्या. सर म्हणाले, आता तुमचं काम झालंच म्हणून समजा, फक्त तक्ता भरगच्च दिसला पाहिजे, आणखी थोडे दिवस चालवा. मुलानं नांदेडहून पेढे पाठवले. जागा कोणाला मिळणार हे कॉलेजात शिपायांनासुद्धा कळलं होतं, म्हणजे नक्कीच. मीही खूश होते. ती कायम झाली म्हणजे नांदेडलाच राहणार, आणि माझं स्वयंपाकघर माझंच राहणार. सुनेचं यश सासूला मनापासून कधी आवडतं ते मला तेव्हा कळलं.

तो उन्हाळा पाण्याचा होता, म्हणजे बिनपाण्याचा. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत नसायचं. टँकर आला की आधी प्यायचं, मग मुलींचं, मग उरलं तर धुणं. एकदा टँकरवाल्याला काय सुबुद्धी झाली, त्यानं टाकी गळेपर्यंत भरली. मी घरातलं जे जे कापडाचं होतं ते भिजवलं. पोपटांच्या कव्हरावर पिठाचा थर बसला होता, तेही धुतलं आणि गच्चीवर टाकलं. आत कापूस. वाळायचं नाव घेईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. मी आकडा वाचला.

“पुन्हा वाचा, आत्याबाई.”

पुन्हा वाचला.

“चष्मा आहे का डोळ्याला?”

“हाय. तुझ्या मुंग्यांपेक्षा कमी आला म्हणून मी आंधळी झाले का?”

“तसं नाही हो. मशीनला काही केलंत का? कोणी हात लावला?”

“कोणी बोट बी लावलं न्हाई. कव्हर तेवढं धुतलं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कोणतं कव्हर?” ती म्हणाली.

“तुझ्या रुखवताचं. पोपटाचं. दुसरं कोणतं?”

“ते परत घाला बरं. घालून चालवून बघू.”

“वल्लं हाय.”

ती दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. वाटेत चाकूरला गाडी बदलावी लागली, म्हणून आधीच तापलेली होती. आल्या आल्या कोठीत गेली, लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला, मग एक जाड गोधडी घेऊन त्यावर टाकली आणि बसून राहिली. जेवायलाही उठली नाही. थोड्या वेळानं मला बोलावलं आणि म्हणाली, हात लावा. मी हात लावला आणि काढून घेतला. तवा होता.

तिनं सांगितलं ते असं. मशीन फार तापलं की जळू नये म्हणून स्वतःहून हळू चालतं. वेळ तेवढीच, पण त्या वेळेत अदलाबदली निम्म्यासुद्धा होत नाहीत. इतके महिने साधी युक्ती कापूस भरलेल्या कव्हराखाली धापा टाकत पळत होती, आणि मुंग्या नांदेडला पंख्याखाली.

“मी बी उन्हाळ्यात हळू होते,” मी म्हणाले. “मला कोणी इन्व्हर्टर लावत न्हाई.”

तिला ऐकू आलं नाही. ती नांदेडचा लॅपटॉप घेऊन आली, दोन्ही हॉलमध्ये एका टेबलावर ठेवले, एका पंख्याखाली, उघडे. आज या मशीनवर मुंग्या, उद्या त्या मशीनवर. सगळे प्रश्न परत पहिल्यापासून. मुली येता-जाता विचारायच्या, “वहिनी, आज कोण जिंकलं?” आणि ती उत्तर द्यायची नाही, त्यावरून कळायचं.

अदलाबदल जिंकत होती. काही फार मोठ्या प्रश्नांवर मुंग्या पुढे राहिल्या. बाकी सगळीकडे ती दोन ओळींची युक्ती, जी आमच्या नव्या वसवलेल्या गावातल्या निम्म्या अडाण्यांनी आणि कुठल्याशा पुस्तकानं आधीच केलेली होती, ती तिच्या कित्येक वर्षांच्या मुंग्यांना मागे टाकत होती.

मुलगा रविवारी आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेती खात्यात शिकलेलं शहाणपण सांगितलं. “कोणाला कळणार आहे? कव्हर आपल्या घरातलं. आईनं धुतलं, विषय संपला.”

तिनं सरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, बहुधा नवऱ्यानं ऐकावं म्हणून. सर शांत माणूस. म्हणाले, “मॅडम, घाबरता कशाला? अदलाबदलीची ओळच काढून टाका. जगात युक्त्या कमी आहेत का? दुसरी एखादी बघा, जरा अशक्त. तिच्याशी तुलना करा. खोटं काहीच नाही त्यात. मुलाखती जवळ आल्यात, आता नवा घोळ नको. तुमचा तो सहकारी पुढच्या महिन्यात प्रबंध देतोय, लक्षात आहे ना?”

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघू लागली. सगळ्यांना वाटेल की अशा वेळी म्हातारी बाई काहीतरी मोठं, खरेपणाचं बोलते आणि सुनेचे डोळे उघडतात. मी म्हणाले, “सर बराबर बोलायलेत. कव्हर वाळलंय. घाल परत.”

“आत्याबाई!”

“काय आत्याबाई? उद्या तुझी नोकरी गेली तर तुझी मुंगी घास भरवणार हाय?”

“कोणीतरी पुढे हेच चालवून बघेल. त्याच्या मशीनवर मुंग्या हरतील. मग?”

“चालवू दे. तवर तू कायम झालेली असशील. कायम माणसाचं कोण काय वाकडं करतंय? समोरच्या क्लासवाल्याचं काय झालं? आपल्या वरच्या खोलीतली पोरगी त्याच्याही होर्डिंगवर हाय आणि पलीकडच्याच्याही. फोटो तोच, वेणी तीच. दोघांकडं ती ‘फक्त आमच्याकडेच’ शिकली. पडलं का एखादं होर्डिंग?”

“म्हणजे मी तिसरं लावू?”

“लाव की. लातुरात एक जास्त झालं तर आभाळ झाकायचं न्हाई.”

मुलगा हसला. ती नाही हसली. ती माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, “तुम्ही शेवटून दुसऱ्या आलात तेव्हा तुम्ही ‘मला काढून टाक’ म्हणालात. मी काढलं का तुम्हाला?”

मी उठले आणि वरणाला फोडणी द्यायला गेले. फोडणी करपली.

तिनं अदलाबदलीची ओळ ठेवली. कव्हराखाली आलेले सगळे आकडे फेकून दिले आणि का फेकले तेही लिहिलं. प्रबंधाचं नाव बदललं. आधी नावात ‘नवी सुधारित पद्धत’ होतं, आता ‘कठीण जुळवणीच्या प्रश्नांवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पद्धतींचं प्रायोगिक मूल्यमापन’ झालं. म्हणजे आधी ती शर्यतीत पळत होती, आता शिट्टी घेऊन कडेला उभी राहिली. सरांना हे आवडलं नाही, पण ते सभ्य. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांना सही करायला पेनच सापडेना. पेन सापडेपर्यंत मुलाखती झाल्या आणि जागा त्या सहकाऱ्याला मिळाली. त्याच्या तक्त्यात त्याचीच पद्धत पहिली आली होती. कशावर काय झाकलं होतं ते मला माहीत नाही, आणि झाकलं होतंच असंही मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी कॉलेजानं सुनेची तात्पुरती ऑर्डर काढली नाही.

पीएच.डी. मिळाली. तिची तोंडी परीक्षा झाली तेव्हा मी नांदेडला गेले होते, मागच्या बाकावर बसले. बाहेरगावचे एक परीक्षक होते. त्यांनी बराच वेळ पानं उलटली आणि एका जागी थांबून विचारलं, “इथे लिहिलंय की दुसऱ्या यंत्रावर कापडी आवरण होतं. कसलं आवरण?”

“रुखवतातलं, सर,” ती म्हणाली.

“त्यावर काय होतं?”

“पोपट.”

ते मोठ्यानं हसले, आणि मग म्हणाले की या प्रबंधात त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास याच पानावर बसला. सरही हसले. पेन एव्हाना त्यांच्या खिशाला लावलेलं होतं.

परीक्षकांचा विश्वास बसला म्हणून नोकरी मिळत नाही. सून लातूरला आली. इथे एका कॉलेजात तासावर शिकवते, तेही तात्पुरतंच. मुलगा नांदेडला, शनिवारी येतो आणि दोघींचं ऐकून घेऊन रविवारी जीव वाचवून जातो. ज्याची भीती होती ते सगळं झालं. माझ्या स्वयंपाकघरात आता मोजून मीठ पडतं. फ्रिजवरचं कव्हर गेलं, मिक्सरचं गेलं. म्हणते, यंत्रांना श्वास घेऊ द्या. पोपटांचं कव्हर मात्र तिनं टाकलं नाही. त्यात आम्ही मुलींच्या जादा उशा ठेवतो.

जूनमध्ये मुलींची वाटणी आता ती करते, अदलाबदलीनं. भांडणं कमी झाली आहेत, हे मला कबूल करावं लागतं. पूर्ण थांबलेली नाहीत. मशीनमध्ये मुलींच्या आया घालता येत नाहीत.

यंदा मुली जास्त आल्या आणि आमच्या दोन खोल्यांतली वरची एक त्यांना द्यावी लागली. आम्हा दोघींना एक खोली उरली. मी म्हणाले, “तुझ्या मशीनला इचार तरी, आपल्या दोघींचं कसं काय.”

तिनं गंमत म्हणून नाही, नीट बसून विचारलं. माझी झोपायची वेळ, तिची झोपायची वेळ, दिवा, रेडिओ, बोलणं. सगळे आकडे घातले, खरे घातले. मग आलेला आकडा वाचून दाखवला. अख्ख्या हॉस्टेलात कुठल्याही दोन मुलींचा तेवढा वाईट आकडा नव्हता.

“जरा कमी कर की,” मी म्हणाले. “घरातलं हाय.”

“आलेला आहे, आत्याबाई,” ती म्हणाली, आणि माझ्या खाटेवर पसरलेली तिची पुस्तकं उचलून खाली ठेवायला लागली.